दमसासाचे मोजमाप

'दुग्धाम्ल' हा शब्द आपल्याकडे रुळला तो दह्यामुळे. स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाने १७८० मध्ये हे आम्ल आंबलेल्या दुधातून वेगळे केले. पुढे त्याच देशातल्या बर्झेलियसला ते शिकारीत धावधावून मेलेल्या हरणाच्या स्नायूंत सापडले, आणि दमणे व आंबणे यांची गाठ पडली. मराठीला तर ती आधीपासूनच ठाऊक होती; श्रम फार झाले की आपले 'अंग आंबते'.

आमच्या शनिवार पेठेतली काही मुले पहाटे टिळक तलावावर पोहायला जातात. त्यांच्या पालकांकडून मी एक वाक्य वारंवार ऐकतो : "लॅक्टिक साठलंय, पोहून काढायला हवं." मी डॉक्टर नाही, प्रशिक्षकही नाही, ग्रंथालये आणि जुने शोधनिबंध यांच्या आधाराने हा विषय धुंडाळत आलो, एवढेच माझे भांडवल. पण या समजापायी दहा-बारा वर्षांची पोरे रोज जीव तोडून पोहतात, म्हणून लिहावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते स्नायूंच्या सूक्ष्म इजेमुळे. वाढलेले लॅक्टेट (रक्तात दुग्धाम्ल याच रूपात असते) तासाभरात पूर्वपदावर येते. शिवाय तो गाळ नाहीच. एका स्नायूत तयार झालेले लॅक्टेट दुसरा स्नायू, हृदय, मेंदूसुद्धा इंधन म्हणून वापरतात, हे जॉर्ज ब्रुक्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून चिकाटीने मांडले.

मग रक्त तपासून कळते काय? कात्रजच्या नळाने भरणारा पेशवाईतला हौद डोळ्यांसमोर आणा. त्याची पातळी पाहून पाणी किती आले ते कळत नाही. आलेले आणि उपसलेले यांतला फरक तेवढा कळतो. रक्तातले लॅक्टेट ही तशी पातळी आहे. सावकाश पोहताना आवक-जावक सारखी असते. एका वेगानंतर मात्र उपसा कमी पडतो आणि पातळी भराभर चढते. तो वेग शोधायचा, हे या चाचणीचे काम.

ऑस्ट्रेलियात रूढ झालेल्या पद्धतीत पोहणारा २०० मीटर सात वेळा पोहतो. दर खेपेला वेळ साधारण पाच सेकंदांनी कमी करायची, शेवटची खेप सर्व ताकदीनिशी. प्रत्येक खेपेनंतर कानाची पाळी किंवा बोट पुसून कोरडे करतात, टोचतात, पहिला थेंब टाकून देतात आणि दुसरा तळहाताएवढ्या यंत्रातल्या पट्टीवर घेतात. पुसणे महत्त्वाचे, कारण तलावाचे पाणी मिसळले की आकडा खोटा. विश्रांतीत तो लिटरला १ मिलीमोलच्या आसपास असतो. जीव तोडून पोहल्यावर दहाच्याही वर जातो. वेग आणि आकडा यांचा आलेख काढायचा. काही आठवड्यांनी तीच वक्ररेषा उजवीकडे सरकली, म्हणजे त्याच आकड्याला वेग वाढला, तर दमसास वाढला.

१९७६ मध्ये आलोइस माडर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी ४ मिलीमोल ही सीमारेषा सुचवली. सोयीचा आकडा, म्हणून तो जगभर पसरला. माझ्या मते गरजेपेक्षा जास्तच. कोणाची सीमा तीनला येते, कोणाची सहाला. लहान मुलांत लॅक्टेट मुळातच कमी तयार होते, त्यांना मोठ्यांचे चार लावणे व्यर्थ. आदल्या दिवशी पोटात पिष्ट कमी गेले तरी आकडा उतरतो आणि उपाशी पोर उगाच तयारीचे दिसते. (आपली एकादशी या बाबतीत निरुपद्रवी, साबुदाण्यात पिष्टच पिष्ट!)

पोहण्याचा प्रकारही पाहायला हवा. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले. ती शर्यत अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. तिथे लॅक्टेट झपाट्याने तयार करता येणे हीच ताकद. पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून सात सामुद्रधुन्यांची मालिका पुरी केली. असे करणारा तो पहिला आशियाई. तासन्‌तास चालणाऱ्या त्या पोहण्यात सीमेच्या आत राहण्यावरच सारे अवलंबून. एकच आलेख दोघांसाठी वेगळा वाचावा लागतो.

यंत्र आणि पट्ट्या परवडत नसतील तर जपानच्या वाकायोशींनी १९९० च्या दशकारंभी दाखवलेली वाट आहे. तिला सुई लागत नाही. मुलाला ४०० आणि २०० मीटर वेगवेगळ्या वेळी पूर्ण जोराने पोहू द्या. समजा, वेळ आली ६ मिनिटे आणि २ मिनिटे ५० सेकंद. फरक २०० मीटरचा, १९० सेकंदांचा; म्हणजे शंभराला ९५ सेकंद. हा वेग लॅक्टेटच्या सीमेच्या पुरेसा जवळ येतो, किंचित वरच. मग त्याच वेगाने शंभराच्या आठ खेपा, मध्ये पंधरा सेकंदांचा विसावा. आठव्या खेपेलाही घड्याळ ९५ च्या आसपास असेल तर हिशेब जमला. पहिली ८८ ला आणि आठवी १०४ ला येत असेल, तर पोर पहिल्याच खेपेत सीमा ओलांडून गेले आहे; त्याला पुढच्या खेपेला हळू सुटायला सांगावे.