तंबूची खरी मेख जमिनीत असते

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय दिसायला किरकोळ आहे: मेख. तंबूची दोरी, म्हणजे तणावा, जिला बांधतात ती मेख. त्यातही ठोकायची नाही, तर स्क्रूसारखे आटे असलेली आणि फिरवून जमिनीत घालायची. बाजारात तिला स्क्रू पेग म्हणतात. मी आज तिला आट्यांची मेख म्हणणार आहे.

विषय का घेतला? ठाणे-कल्याण-डोंबिवलीतून शनिवारी गाडी काढली की काही तासांत आपण कुठेही पोचतो. मुरबाड-शहापूरची शेतं, माळशेज, भंडारदऱ्याचा काठ, नाहीतर अलिबागकडचे किनारे. तंबू घेताना आपण विचारतो, किती जणांचा आहे, पाणी आत येतं का. मेखांबद्दल कोणी विचारत नाही. त्या तंबूच्या पिशवीत फुकट येतात आणि बहुतेक वेळा टोकाला वाकवलेल्या बारीक तारा असतात. त्यात आता कॅराव्हॅनही आल्या. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. या गाड्यांना बाजूने बाहेर येणारं कापडी छप्पर असतं, ते ऑनिंग. तंबू आणि ऑनिंग दोन्ही कापडाचेच, पण वारा त्यांना वेगळ्या दिशांना ओढतो. आजच्या भागातला मुख्य मुद्दा हाच.

वाऱ्याचा हिशेब

आपण इंजिनिअर लोक, त्यामुळे थोडे आकडे येणारच. घाबरू नका, शाळेतलंच गणित आहे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण २ किलो वजनाइतका असतो. ताशी ४० ला तो साडेसात किलोच्या आसपास जातो आणि ६० ला १७ किलोच्या.

आता ३ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद ऑनिंग घ्या. क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर. ताशी ६० चा झोत खालून शिरला तर ढोबळमानाने सव्वाशे किलोचा जोर वरच्या दिशेने लागतो. निम्मा जोर गाडीने धरला असं समजा. उरलेला बाहेरच्या दोन कोपऱ्यांवर, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर ३० किलोच्या वर. तोही शांतपणे टांगलेल्या वजनासारखा नाही, तर हिसक्यांनी.

ताशी ६० म्हणजे वादळच हवं असं नाही. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस येण्याआधी धुळीचा जो लोट येतो, तो पाच मिनिटांत शांत हवेचा असा झोत करू शकतो. घाटमाथ्यावरही हेच. कड्यावर आदळलेला वारा माथ्यावरून जाताना दाटतो आणि वेग घेतो.

दोन वेगळ्या ओढी

तंबू बुटका आणि उतरत्या भिंतींचा असतो. वारा त्याला मुख्यतः आडवा ढकलतो, त्यामुळे तणावा मेखेला बाजूला खेचतो. अशा ओढीला साधी ठोकलेली मेखही बरी टिकते, कारण तिच्यापुढे मातीची भिंत असते. म्हणूनच ती तंबूपासून उलट्या बाजूला कलती ठोकायची, म्हणजे दोरी आणि मेख यांच्यात साधारण काटकोन होतो.

ऑनिंगचं तसं नाही. ते पतंगासारखं वर जायला बघतं. तिथे मेख सरळ वर उपटली जाते, आणि गुळगुळीत मेखेला वर उपटताना विरोध कसला? फक्त तिच्या अंगाला घासणाऱ्या मातीचा. हिसके बसत गेले की भोक मोठं होतं आणि तेवढाही विरोध संपतो.

आट्यांची मेख इथे कामाला येते. तिचे आटे मातीत रुतलेले असतात. ती वर यायची तर आट्यांवरची सगळी माती उचलावी लागते. उलट्या ठेवलेल्या शंकूसारखा मातीचा गोळा डोळ्यांसमोर आणा: टोक खाली, तोंड वर. २५ सेंटीमीटर खोल मेखेवर अशी नऊ-दहा किलो माती असू शकते. बाकीचा जोर मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात त्यातून येतो. शंकूचं आकारमान खोलीच्या घनाप्रमाणे वाढतं, म्हणून १५ ऐवजी २५ सेंटीमीटर गेलात तर गोळा साडेचार पटींहून मोठा. लांबीवर कंजुषी करू नका, असं म्हणतो ते यासाठी.

ही युक्ती तंबूवाल्यांची नाही, बरं का. बेलफास्टचे अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ मध्ये स्क्रूसारख्या लोखंडी खांबाचं पेटंट घेतलं. ते स्वतः अंध होते. टेम्स नदीच्या मुखाशी, मॅप्लिन सँड्सच्या भुसभुशीत वाळूवर, असे खांब पिळून त्यावर दीपगृह उभं केलं. पुढे मुंबई-बडोदा रेल्वेच्या पुलांनाही हेच स्क्रूचे खांब वापरले. पूल उभा राहावा म्हणून खांब खाली दाबला जातो, आपली मेख वर ओढली जाते, पण दोन्हीकडे काम आट्यांखालची-वरची मातीच करते.

जमीन ओळखा

म्हणजे मेख चांगली की वाईट, हा अर्धाच प्रश्न. खरी मेख जमिनीत आहे. आपल्याकडे चार प्रकार हमखास भेटतात.

पहिला, भाताचं खाचर. कापणीनंतर, नोव्हेंबरपासून, शेतकऱ्याला विचारून तिथे तंबू लागतात. वर्षानुवर्षांच्या चिखलणीमुळे खाचरात वीतभर खाली एक घट्ट थर तयार झालेला असतो. आखूड मेख त्याच्या वरच राहते. आट्यांची मेख या थरात गेली की छान धरते. खाचरासाठी माझी पहिली पसंती हीच.

दुसरा, मुरूम. म्हणजे कुजलेला, सुटा झालेला काळा पाषाण. माळावर, धरणांच्या काठावर बहुतेक हाच. प्लास्टिकची मेख इथे पिळवटून तुटते. स्टीलची, बारीक अंगाची हवी. हार्डवेअरच्या दुकानात षटकोनी डोक्याचे जाड कोच स्क्रू मिळतात. २० सेंटीमीटरचा असा स्क्रू आणि दोरीचा फास निसटू नये म्हणून मोठा वायसर, एवढ्यात काम भागतं.

तिसरा, वाळू. इथे नीट ऐका. कोरड्या, सैल वाळूत कण एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे बारीक आट्यांची मेख लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. वाळूसाठी रुंद पात्याची लांब मेख लागते, तीही खालच्या ओलसर थरापर्यंत पोचणारी. ती नसेल तर सोपा उपाय: कापडी पिशवीत वाळू भरा, तणावा तिला बांधा, हातभर खोल खड्ड्यात पुरा आणि वर पाय देऊन दाबा. सुरूची झाडं जवळ असतील तर रुंद पट्ट्याने बांधा, बारीक दोरी सालीत रुतते.

चौथा, कातळ. काळा असो की जांभा, तिथे मेख विसरा. मोठे दगड, पाण्याचे कॅन, गाडीचं चाक यांना बांधा. जांभ्याच्या सड्यांवर बोटभर मातीत पावसाळी फुलांचं अख्खं जग असतं, ते उकरू नका. आणि संरक्षित किल्ल्यांच्या वास्तूत, तटबंदीच्या फटीत मेख घालणं तर सरळ सरळ कायद्याविरुद्ध आहे.

घालायची कशी

जागा पक्की करण्याआधी मालकाला विचारा, खालून ठिबकचे पाइप किंवा मोटरची केबल गेली आहे का. ठोकलेली मेख पाइपाला कदाचित निसटून जाईल. फिरणारी निसटत नाही, भोकच पाडते.

आट्यांची मेख सरळ उभी घालायची, कलती नाही. डोकं जमिनीला टेकेपर्यंत. चार बोटं वर राहिली तर दोरीला तेवढी तरफ मिळते आणि मेख वाकते. ड्रिल वापरत असाल तर सर्वांत कमी वेग ठेवा आणि दोन्ही हातांनी धरा. खाली दगड लागला की मेख थांबते, ड्रिल फिरतं आणि मनगट पिळवटतं. दगड लागला तर हट्ट नको, वीतभर बाजूला सरका. आणि मेख खाली जात नसताना फिरवत राहू नका, त्याने आजूबाजूची माती सैल होते. स्क्रूचे आटे जातात ना, तसेच मातीचे आटे जातात.

मग लोड टेस्ट. दोरी हातात घेऊन ज्या दिशेला वारा ओढणार त्याच दिशेला जोरात हिसका द्या. तंबूसाठी आडवा, ऑनिंगसाठी वर. हलली तर जागा बदला. ऑनिंगच्या प्रत्येक कोपऱ्याला दोन मेखा ठेवा, म्हणजे एक सुटली तरी सगळं एकदम जाणार नाही.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, मग या मेखा लावल्या की रात्रभर ऑनिंग उघडं ठेवलं तर चालेल ना?" नाही. मेख घट्ट असेल आणि वारा वाढला, तर पुढचं नाजूक अंग तुटतं: पट्टा, दांडा, नाहीतर गाडीच्या भिंतीतला जोड. आणि ताणलेल्या रबरी दोरीसकट निसटलेली स्टीलची मेख गोफणीच्या दगडासारखी येते. ढग दाटले, झाडांचे शेंडे हलायला लागले, की ऑनिंग गुंडाळा. झोपायच्या आधीही गुंडाळा. मेख तुम्हाला गुंडाळायला वेळ मिळवून देते, वादळाशी लढायला नाही.

निघताना

आट्यांची मेख उलटी फिरवून काढा, ओढून नाही. भोक पायाने बुजवा. आणि मोजा. आठ घातल्या तर आठच परत आल्या पाहिजेत. खाचरात राहिलेली एक मेख जूनमध्ये बैलाच्या खुरात किंवा पॉवर टिलरच्या पात्यात जाते, आणि मग त्या शेतात पुढच्या वर्षी कोणालाच तंबू लावू देत नाहीत. डोक्यांना लाल किंवा नारिंगी फीत बांधा. रात्री पाय अडकत नाही आणि सकाळी मोजणी सोपी होते.

आजच्यासाठी इतकंच. तुमच्या नेहमीच्या जागी जमीन कशी आहे, कोणती मेख टिकली, ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू, तोवर दोऱ्या ताणलेल्या आणि डोकं थंड ठेवा!