एका थराचे पदार्थ, भाग ६ : बँड गॅपचा अंदाज

मॉलिब्डेनम डायसल्फाइड म्हणजे यंत्रांच्या ग्रीसमध्ये मिसळतात ती काळी भुकटी. जाड स्फटिकात त्याचा बँड गॅप (बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळे फिरण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) सुमारे १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतो आणि प्रकाश देण्याच्या कामी तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तोच स्फटिक सोलत सोलत नॅनोमीटरहूनही पातळ अशा एकाच थरावर आणला, की सुमारे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा लाल प्रकाश देऊ लागतो. हे प्रयोगांतून दिसले २०१० मध्ये. जाड पदार्थाचे गुणधर्म ठाऊक असले, तरी एका थराचे वागणे त्यावरून सांगता येत नाही, ते असे.

शिवाय सोलण्याजोगे पदार्थ थोडेथोडके नाहीत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१८ मध्ये एक लाखाहून अधिक ज्ञात संयुगे संगणकावर चाळली. त्यांतून १,८२५ उमेदवार निघाले. प्रत्येकाचा थर प्रयोगशाळेत काढून मोजणे अशक्यच.

म्हणून गणिताकडे वळावे, तर तिथे वेगळीच अडचण. वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये पाया घातलेली डेन्सिटी फंक्शनल थिअरी स्वस्त आणि भरवशाची आहे. पण तिची नेहमीची रूपे बँड गॅप कमी दाखवतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या मोकळ्या थराला ती सुमारे १.६ देते, तर जीडब्ल्यू ही काटेकोर पद्धत सुमारे २.५. (प्रकाशाच्या मोजणीत येणारा १.९ हा आकडा दोन्हींहून निराळा, कारण उत्तेजित इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली पोकळी एकमेकांना धरून असतात.) जीडब्ल्यूला संगणकाचा वेळ मात्र भरमसाट लागतो.

मशीन लर्निंग उपयोगी पडते ते इथे. मोजक्या पदार्थांवर महागडा हिशेब करायचा, त्यांची उत्तरे यंत्राला शिकवायची आणि बाकीच्यांचा अंदाज त्याच्याकडून घ्यायचा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने २०१८ मध्ये एमक्सीन या कार्बाइड-नायट्राइडांच्या कुळावर हेच केले. यंत्राला दिलेली माहिती अगदी साधी होती : उत्कलनांक, द्रवणांक, अणूंच्या त्रिज्या, बंधांची लांबी. स्वस्त पद्धतीचा बँड गॅप त्यात घेतलाच नव्हता. तरी चूक सरासरी ०.१४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास राहिली आणि उत्तर काही सेकंदांत मिळाले.

अशा आकड्यांवर लगेच भाळू नये. मॉलिब्डेनमची आणि टंगस्टनची सल्फाइडे-सेलेनाइडे ही सख्खी भावंडे. तिघांवर शिकलेल्या यंत्राने चौथ्याचा गॅप बरोबर सांगितला, तर त्यात नवल ते काय? खरी परीक्षा अख्खे कूळ लपवून ठेवल्यावर होते, आणि तेव्हा चुका बऱ्याचदा वाढतात.

आणखी एक गोष्ट. हिशेबातला थर निर्वात पोकळीत तरंगत असतो. प्रयोगशाळेतला मात्र बहुधा सिलिकाच्या किंवा दुसऱ्या कशाच्या तरी पृष्ठावर पसरलेला असतो, आणि त्या आधारानुसार बँड गॅप बदलतो.