सिरॅक्यूजचे चार खेळाडू

‘फुटबॉल’ या शब्दाने आपल्याकडे जो खेळ डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याच्याशी अमेरिकेतील फुटबॉलचे नाते जवळजवळ नावापुरतेच आहे. तेथील चेंडू लंबगोल असतो आणि खेळात पायापेक्षा हातालाच काम अधिक. चेंडू उराशी धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत धावावयाचे, किंवा तो हवेतून पुढच्या गड्याकडे फेकावयाचा. चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारली तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर तो प्रतिपक्षाच्या हाती जातो. शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. हा खेळ अमेरिकेत वाढला तो विद्यापीठांच्या आवारात. धंदेवाईक संघ नंतर आले. आजही तेथे विद्यापीठाचा सामना म्हणजे साऱ्या गावाची जत्राच असते, आणि चांगला खेळाडू आपल्या विद्यापीठाकडे यावा म्हणून शिक्षक, माजी विद्यार्थी व गावकरी असे सगळेच खटपट करीत असतात.

न्यूयॉर्क राज्याच्या अंतर्भागात सिरॅक्यूज नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना १८७० सालची. १८८९ पासून हे विद्यापीठ फुटबॉल खेळत आले आहे. या दीर्घ काळात तेथे नामांकित खेळाडू पुष्कळ होऊन गेले. पण चौघांची हकीकत एकत्र सांगण्यासारखी आहे, कारण त्यांच्या खेळाबरोबर त्यांच्या विद्यापीठाचीही परीक्षा झाली. त्या चौघांपैकी पहिल्याचे नाव ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. त्याचे नाव विल्मेथ सिदात-सिंग.

हा तरुण मात्र भारतीय नव्हता. त्याचा जन्म १९१८ साली वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील औषधविक्रेते होते, ते लवकर वारले. पुढे आईने सॅम्युएल सिदात-सिंग या मूळच्या भारतीय डॉक्टरांशी विवाह केला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हे कुटुंब राहू लागले आणि मुलाने सावत्र वडिलांचे नाव घेतले. १९३५ मध्ये तो सिरॅक्यूजला गेला तो बास्केटबॉलच्या जोरावर. तेथे वसतिगृहांच्या आपापसांतील सामन्यांत त्याची फेक एका प्रशिक्षकाने पाहिली आणि त्याला फुटबॉलच्या संघात ओढले. लांबवरचा चेंडू नेमका गड्याच्या हातात टाकणे ही त्याची खासियत होती. त्याचा अभ्यासाचा विषय प्राणिशास्त्र होता आणि मनात डॉक्टर होण्याची इच्छा होती.

त्याचा वर्ण आणि त्याचे आडनाव पाहून वृत्तपत्रांनी त्याला ‘हिंदू’ ठरवून टाकले. त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेला माणूस शीख असो वा मुसलमान, त्याला ‘हिंदू’च म्हणत. १९२३ साली भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांना तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘हिंदू’ म्हणूनच संबोधिले आणि ते गोरे नसल्यामुळे नागरिकत्वास अपात्र ठरविले. जे नाव न्यायालयाच्या दारी अपात्रतेचे कारण झाले, तेच फुटबॉलच्या मैदानावर प्रवेशाचा परवाना ठरावे, हा मोठा विलक्षण प्रकार होय. वर्णभेदाला तर्कशास्त्र नसते, त्याला फक्त सोय कळते.

कारण त्या वेळी विद्यापीठांमध्ये एक अलिखित संकेत होता. दक्षिणेकडील विद्यापीठाशी सामना असला की उत्तरेकडच्या संघाने आपला कृष्णवर्णीय खेळाडू बाहेर ठेवावयाचा. या व्यवहाराला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असे भारदस्त नाव होते! ऑक्टोबर १९३७ मध्ये सिरॅक्यूजचा सामना मेरिलँड विद्यापीठाशी बाल्टिमोर येथे ठरला होता. सामन्याच्या तोंडावर ‘वॉशिंग्टन ट्रिब्यून’ या पत्रात सॅम लेसी या पत्रकाराने सत्य छापले : सिदात-सिंग हिंदू नव्हे, कृष्णवर्णीय आहे. लेसी स्वतःही कृष्णवर्णीय होता. आपल्या समाजातील गुणी मुलाने परक्याच्या नावाआड खेळावे, हे त्याला मानवले नाही. त्याचे करणे योग्य की अयोग्य, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण मुखवटा चढविणे ज्यांनी भाग पाडले त्यांना सोडून, तो काढणाऱ्यालाच दोष द्यावा, हे काही न्यायाचे नव्हे.

मेरिलँडने हरकत घेतली आणि सिरॅक्यूजने ती निमूटपणे मान्य केली. आपला सर्वोत्तम फेकणारा गडी मैदानाबाहेर बसवून सिरॅक्यूजचा संघ खेळला आणि १३-० असा हरला. त्या संघात मार्टी ग्लिकमन नावाचा धावपटू होता. तो ज्यू होता, आणि आदल्याच वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये ऐनवेळी त्याला शर्यतीतून वगळण्यात आले होते. वगळले जाणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? तरीही त्या दिवशी तो गप्प राहिला आणि त्याची खंत त्याला पुढे आयुष्यभर राहिली. पुढल्या वर्षी मेरिलँडचा संघ सिरॅक्यूजला आला. या वेळी सिदात-सिंग खेळला आणि सिरॅक्यूजने ५३-० असा विजय मिळविला.

१९३९ मध्ये तो पदवीधर झाला. धंदेवाईक फुटबॉलचे दार तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होते. पुढे महायुद्धात टस्कीगी येथे शिकविल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या दलात तो दाखल झाला. मे १९४३ मध्ये सरावाच्या उड्डाणात त्याच्या विमानाचे इंजिन बिघडले. हवाई छत्रीच्या साहाय्याने त्याने उडी घेतली, पण ह्यूरन सरोवरात तो बुडाला. त्या वेळी त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

दुसरा खेळाडू जिम ब्राउन. १९५४ ते १९५६ हा त्याचा काळ, आणि त्याच्या सदऱ्यावरचा क्रमांक ४४. हा आकडा पुढे सिरॅक्यूजमध्ये एखाद्या घराण्याच्या बिरुदासारखा झाला. ब्राउनला प्रारंभी विद्यापीठाने शिष्यवृत्तीदेखील दिली नव्हती. त्याच्या मॅनहॅसेट गावच्या हितचिंतकांनी वर्गणी काढून खर्च भागविला आणि मुलाला त्याचा पत्ता लागू दिला नाही. १९५६ मध्ये कोलगेटविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने एकट्याने ४३ गुण केले. त्याच वर्षी देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारी हाइस्मन ट्रॉफी मात्र पॉल हॉर्नंग याला मिळाली. त्याच्या नोटर डेम संघाने दहांपैकी दोनच सामने जिंकले होते! ब्राउन पाचवा आला. हॉर्नंग गुणी होता यात शंका नाही. पण त्या निकालाचा उलगडा केवळ खेळाच्या आकड्यांनी होत नाही. ब्राउन पुढे क्लीव्हलंडच्या धंदेवाईक संघात नऊ वर्षे खेळला आणि अनेकांच्या मते या खेळातील सर्वश्रेष्ठ धावणारा ठरला. मैदानाबाहेरचे त्याचे आयुष्य मात्र तितके निष्कलंक नव्हते.

याच ब्राउनने एल्मायरा गावच्या अर्नी डेव्हिस या मुलाला सिरॅक्यूजकडे वळविले. डेव्हिसलाही ४४ क्रमांकाचाच सदरा मिळाला. १९५९ च्या हंगामात सिरॅक्यूजने अकराही सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यातला अखेरचा सामना १ जानेवारी १९६० रोजी डल्लस येथे टेक्सस विद्यापीठाशी झाला. खेळ सुरू होतो न होतो तोच ८७ यार्डांची मजल मारून डेव्हिसने पहिले गुण नोंदविले, आणि सिरॅक्यूजने २३-१४ असा विजय मिळविला. मेरिलँडच्या सामन्याला तेव्हा तेवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. १९६१ मध्ये हाइस्मन ट्रॉफी मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, आणि न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्याची भेट घेतली.

यानंतरची गोष्ट कारभाराच्या दृष्टीनेही मनोरंजक आहे. राजधानीतील वॉशिंग्टन संघात तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. संघाचे नवे क्रीडांगण सरकारी जमिनीवर होते. तेव्हा अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी बजावले की, नेमणुकीत भेदभाव होणार असेल तर क्रीडांगण वापरता येणार नाही. वर्षानुवर्षांच्या उपदेशाने जे झाले नाही, ते जमिनीच्या एका अटीने झाले. वॉशिंग्टनने डेव्हिसला निवडले आणि लगेच क्लीव्हलंडला देऊन त्याच्या बदल्यात बॉबी मिचेल हा कृष्णवर्णीय खेळाडू घेतला. आता ब्राउन आणि डेव्हिस एका संघात धावणार होते. परंतु १९६२ च्या उन्हाळ्यात डेव्हिसला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. धंदेवाईक सामना एकही न खेळता १८ मे १९६३ रोजी, तेविसाव्या वर्षी, तो निवर्तला.

मृत्यूपूर्वी काही महिने तो फ्लॉइड लिटल या तरुणाला सिरॅक्यूजला येण्याविषयी भेटला होता. डेव्हिस गेल्याचे कळताच लिटलने आपला निर्णय पक्का केला. १९६४ ते १९६६ अशी तीन वर्षे तो ४४ क्रमांकाचा सदरा घालून खेळला, तिन्ही वर्षे अखिल अमेरिकन संघात निवडला गेला, आणि डेन्व्हर संघातील पुढल्या कामगिरीबद्दल २०१० मध्ये त्याला धंदेवाईक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. नंतरच्या काळात जो मॉरिस, डॉनोव्हन मॅकनॅब असे उत्तम खेळाडू सिरॅक्यूजला लाभले, पण घरोघर जाऊन पुढचा वारस शोधण्याची ती रीत या तिघांचीच.

मात्र तिघांच्या पराक्रमाने विद्यापीठाचे अंतरंग बदलले असे समजणे भाबडेपणाचे होईल. १९७० साली नऊ कृष्णवर्णीय खेळाडूंनी सरावावर बहिष्कार घातला. त्यांच्या मागण्या साध्या होत्या : अभ्यासात साहाय्य, योग्य वैद्यकीय उपचार, संघात निवड गुणांवर व्हावी, आणि प्रशिक्षकांत एक तरी कृष्णवर्णीय असावा. समजूत घालण्यासाठी खुद्द ब्राउन आला, तरी तडजोड झाली नाही. बहुतेकांचे खेळातील भवितव्य तेथेच संपले. वृत्तपत्रांनी त्यांची संख्यासुद्धा चुकीची छापली आणि ‘सिरॅक्यूजचे आठजण’ हेच नाव रूढ झाले.

विद्यापीठाच्या डाक क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे आज ४४ आहेत. २००५ मध्ये तो सदरा सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात आला आणि त्याच वर्षी सिदात-सिंगचा बास्केटबॉलमधील १९ क्रमांकही. पुढल्या वर्षी बहिष्कार घालणाऱ्या नऊजणांना विद्यापीठाने सन्मानपदके दिली आणि खेळाडूला मिळणारे मानाचे जाकीट छत्तीस वर्षांनी त्यांच्या हाती पडले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सिरॅक्यूजचा संघ मेरिलँडला खेळावयास गेला असता, मेरिलँड विद्यापीठाने सिदात-सिंगच्या आप्तांना मैदानावर बोलावून १९३७ च्या त्या सामन्याबद्दल क्षमा मागितली.