बाळाशी बोलणारे घर

तान्हे मूल ज्या घरात असते, तेथे दिवसभर कोणी ना कोणी बोलत असते. 'आता तेल लावायचे हं', 'हा बघ पाय', 'झाले, संपले', 'कोण रडते आहे बरे?' अशी ती वाक्ये असतात. ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक असते, तरी बोलणे थांबत नाही. पुष्कळांना हे निव्वळ लाड वाटतात. परंतु मुलाला भाषा येते ती याच बोलण्यातून. पाटी-पेन्सिल आणि चित्रांची पुस्तके यांची पाळी फार नंतर येते. शाळेत फारसे न गेलेले आईवडील 'आम्ही मुलाला काय शिकवणार?' असे म्हणतात, तेव्हा ते काम आपण रोजच करीत आहोत हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते.

मुलाचे ऐकणे जन्मापूर्वीच सुरू होते. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्यापर्यंत आईचा आवाज पोहोचतो, आणि म्हणूनच नवजात बाळ अनोळखी बाईच्या आवाजापेक्षा आईच्या आवाजाकडे अधिक ओढ दाखवते. शब्दांचा अर्थ त्याला अर्थातच कळत नाही. त्याला कळते ती लय आणि स्वरांचा चढउतार.

हा अर्थ हळूहळू कसा उमगत जातो हे पाहायचे असेल, तर बाळाची अंघोळ पाहावी. आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर घेते, तेल चोळते आणि कोमट पाणी घालते. हे सारे करताना तिचे तोंड चालूच असते. 'हा हात', 'आता दुसरा हात', 'आता पाणी आले', 'आता पालथे व्हायचे'. रोज तीच कामे त्याच क्रमाने होतात आणि रोज तेच शब्द कानी पडतात. हाताला तेल लागते त्याच क्षणी 'हात' हा शब्द ऐकू येतो. अंगावर पाणी पडते त्याच क्षणी 'पाणी' ऐकू येते. शब्द आणि वस्तू यांची गाठ अशी हजार वेळा पडते. कोणी मुद्दाम धडा आखला असता, तर तो याहून चांगला क्वचितच झाला असता. या जुन्या अंघोळीतील सर्वच गोष्टी मात्र राखण्याजोग्या नाहीत. धुरीच्या धुराने बाळाच्या श्वासाला त्रास होतो. नाकाकानात तेल घालणे आणि डोळ्यांत काजळ भरणे डॉक्टर आज निषिद्ध मानतात. बोलणे तेवढे जसेच्या तसे चालू ठेवावे.

दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देऊ लागते. त्यावर आई म्हणते, 'असे का? मग पुढे काय झाले?' आणि क्षणभर थांबते. बाळ पुन्हा हुंकारते. या थांबण्याला फार महत्त्व आहे. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे आणि मग दुसऱ्याने बोलावे, हा संभाषणाचा मूळ नियम शब्द येण्यापूर्वीच मूल येथे शिकते. मुलाच्या कानांवर किती शब्द पडले यापेक्षा त्याच्या आवाजाला किती वेळा उत्तर मिळाले, हे अधिक मोलाचे ठरते. दूरदर्शन संच दिवसभर बोलतो, पण उत्तर देत नाही. घास भरवताना मुलापुढे मोबाइल धरला की घास पटापट पोटात जातात हे खरे. पण 'हा चिऊचा, हा काऊचा' हे बोलणे मात्र तेथे संपते. एक वर्षाच्या आतील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक वेळ दाखवू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिला. कामाच्या धबडग्यात तो पाळणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

सहाव्या महिन्याच्या सुमारास 'बाबाबा', 'मामामा' अशी बडबड सुरू होते. प, ब, म हे ओठांनी उच्चारायचे वर्ण बाळाला लवकर साधतात. मराठी घरांनी बाळांसाठी जी खास शब्दसंपत्ती जमवली आहे, तिच्यात हे जणू ओळखलेले दिसते. मंमं, दुदू, भूर, बाऊ, जोजो, हम्मा, चिऊ, माऊ हे सारे शब्द आखूड आहेत; काहींत एकच अक्षर दोनदा येते. हे शब्द वापरल्याने मूल बोबडे राहते, अशी भीती काहींना वाटते. तिला आधार नाही. मूल मोठे होते तसे घरातील माणसे आपोआप 'मंमं'वरून 'भाता'वर आणि 'भूर'वरून 'बाहेर'वर येतात. 'र' आणि 'ळ' हे वर्ण पुष्कळ मुलांना उशिरा जमतात. तोवर 'राम' हा 'लाम' असतो.

पहिला शब्द साधारणतः वर्षाच्या आसपास येतो, मात्र समज त्याच्या आधीच आलेली असते. 'पंखा कुठे आहे?' असे विचारताच आठ-नऊ महिन्यांचे मूल मान वर करते. दोन वर्षांच्या सुमारास 'बाबा भूर', 'दुदू नको' अशी दोन शब्दांची वाक्ये तयार होतात. त्यानंतर मूल अशा चुका करू लागते, ज्या चुका त्याने कोणाकडूनही ऐकलेल्या नसतात. ते 'बाबा गेला' ऐवजी 'बाबा जाला' म्हणते, 'आला' ऐवजी 'येला' म्हणते. 'बस'चे 'बसला' होते आणि 'पड'चे 'पडला' होते, तर 'जा'चे 'जाला' का होऊ नये? मुलाने भाषेतील नियम स्वतः शोधून काढला आहे, याचा हा पुरावा होय; अपवाद तेवढे त्याला अजून कळायचे आहेत. आईच्या सहवासात वाढणारा मुलगा 'मी जाते' म्हणतो, त्यावर घरात हशा पिकतो. तोही तिच्या बोलण्याचे अचूक अनुकरणच करीत असतो. अशा वेळी रागावू नये किंवा पुन्हा पुन्हा घोकून घेऊ नये. 'हो, बाबा कामाला गेला' असे बरोबर रूप आपल्या उत्तरात सहज आणावे. मूल ते टिपते आणि काही महिन्यांत चूक आपोआप नाहीशी होते.

मूल चालू लागले की स्वयंपाकघरात लुडबुड करते. ते दूर ठेवायचे ते विस्तव, उकळते पाणी आणि विळी यांपासून; बोलण्यापासून नव्हे. वाटाणे सोलताना 'ही शेंग मोठी, ही छोटी', पोळ्या करताना 'ही आजोबांची, ही ताईची', धुतलेले कपडे घडी करताना 'हा सदरा कोणाचा?' असे बोलता येते. यात मोजणे आहे, तुलना आहे, नाती आहेत. कामात थोडा उशीर होतो खरा. रात्री सांगितलेल्या चिऊकाऊच्या गोष्टीत शेणाचे घर वाहून जाते आणि मेणाचे राहते. ऐकणारे मूल रोज तीच गोष्ट मागते, आणि सांगणाऱ्याने एखादा शब्द बदलला तर त्याला लगेच थांबवते. महागड्या खेळण्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वाटी आणि चमचा यांनी बहुतेक मुलांचे काम भागते.

ही गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्या कामातून दाखवून दिली. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे काम आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे गेले. महागड्या साधनांऐवजी तेथे शंखशिंपले, खडे, पाने आणि बिया वापरल्या गेल्या. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच शिक्षिका पाड्यावर गेल्या आणि घरापुढच्या अंगणातच वर्ग भरू लागला. अंगणवाडी ती हीच. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

मुलाशी बोलण्याचे हे काम आईवरच सोपवले जाते, हा मात्र अन्याय होय. शेतावरून किंवा कारखान्यातून दमून आलेल्या बाईने स्वयंपाकही करावा आणि गोष्टही सांगावी, आणि वडिलांनी वर्तमानपत्र वाचावे, अशी वाटणी पुष्कळ घरांत आजही आढळते. बाळाला दोन आवाज ओळखता येतात, आणि बाळाला अंघोळ घालणे किंवा घास भरवणे वडिलांनाही शिकता येते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. इंदूरमध्ये दाराबाहेर हिंदी असते, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू. मुलाचा गोंधळ होईल या भीतीने काही घरांतील मराठी बंद होते. कधी इंग्रजी शाळेसाठी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलले जाते. वास्तविक लहान मूल दोन भाषा एकाच वेळी सहज आत्मसात करते. आजीशी कोणत्या भाषेत बोलायचे आणि शेजारच्या मुलाशी कोणत्या, हे ते फार लवकर ओळखते. दोन भाषांतील शब्द एकाच वाक्यात येणे हा दोष नसून त्या वाटेवरील एक टप्पा आहे. आईवडिलांना जी भाषा मोकळेपणाने, थट्टामस्करीसह बोलता येते, तीत मुलाला सर्वाधिक शब्द मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे.

मुले बोलू लागण्याच्या वयात फरक असतो, आणि 'याचा मामाही उशिरा बोलला होता' हे घरातील समाधान कधी कधी खरेही ठरते. तरीही मोठ्या आवाजाने बाळ दचकत नसेल, वर्षाचे होऊनही बडबड करीत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल किंवा येणारे शब्द नाहीसे होत असतील, तर वाट पाहत न बसता डॉक्टरांना दाखवावे. यामागे ऐकू न येणे हे कारण असू शकते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते आणि तीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. कान तपासण्यासाठी मूल मोठे होण्याची गरज नसते. ही चाचणी नवजात बाळाचीही करता येते.