चाल कोण सांगणार?

पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगवर लेख हवा, असं संपादक म्हणाले ते १८४९ सालच्या त्या वास्तूसाठी. माहिती काढायला बसलो आणि मी तिथल्या समाजाच्या कीर्तनात अडकलो.

हा समाज म्हणजे कोकणातले ज्यू, बेने इस्रायल. त्यांची कहाणी कोकणाला नवी नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, असं ते परंपरेनं सांगतात. घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं गावांची: दिवेकर, किहीमकर, पेझारकर, पनवेलकर.

१८८० च्या सुमारास मुंबईत या समाजातल्या काही मंडळींनी हरिदासांचं कीर्तन आपलंसं केलं. तोवर मिशनऱ्यांच्या शाळांमधून बायबलमधल्या कथा मराठीत घरोघरी पोचल्या होत्या. जॉन विल्सननं तर १८३२ मध्येच हिब्रू व्याकरण मराठीत लिहिलं होतं. कथा होत्या, भाषा होती, कीर्तनानं त्यांना उभं केलं. आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं किंवा मोशेचं. बांधणी मात्र साकी, दिंडी, ओवी, आर्या यांची. भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलं, ही गोष्ट दिंडीच्या वजनात ऐकताना श्रोत्याला ती कुठून बाहेरून आली असं का वाटावं? कोकणातल्या माणसानं घडवलेलं हे अस्सल मराठी वाङ्मय आहे, आणि आपल्या वाङ्मयेतिहासानं त्याची फारच थोडी दखल घेतली, याची मला खंत वाटते.

सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. कीर्तनाला आणि गाण्यांना ती अट नाही. म्हणूनच पुरुष कीर्तनकार कमी झाले तरी बायकांनी वह्यांत उतरवून घेतलेली ही गाणी पुढेही गायली. एकोणिसाव्या शतकातल्या आख्यानांतली कितीतरी पदं अशीच टिकली. राष्ट्रीय कीर्तनाच्या अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी या गायिकांवर बारकाईनं काम केलं आहे.

पण वहीत स्वरलिपी नसते. पदावर वृत्ताचं नाव असतं, नाहीतर ‘चाल’ म्हणून त्या काळच्या एखाद्या गाजलेल्या पदाचे पहिले शब्द. लिहिणाऱ्याला तेवढं पुरे होतं. ते पद तेव्हा सगळ्यांच्या ओठांवर होतं. आज मूळ पद विसरलं गेलं की वहीतलं पद मुकं होतं. शब्द छापून काढता येतात, पण चाल गाणाऱ्या माणसाबरोबर जाते. साकी किंवा दिंडी वृत्तावरून म्हणता येईल, पण ठेका कुठे ओढायचा, ध्रुपद कुठे परत घ्यायचं, हे वृत्त सांगत नाही.

आणि माणसं पांगली आहेत. १९४८ च्या सुमारास भारतात हा समाज वीसेक हजारांचा होता, आता काही हजारच उरला आहे. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अश्दोद, दिमोना, लोद इथं वसली. तिथं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, पण नातवंडं हिब्रूत वाढली. त्यांना कथा कळते, दिंडी कळत नाही. इकडे आपल्याला दिंडी कळते, पण मोशेची कथा ठाऊक नसते. गाणं पुरतं समजणारे लोक दोन्हीकडे थोडे, आणि तेही वयस्कर.

वास्तूची डागडुजी पैसा उभा करून दहा वर्षांनीही होईल. या चालींना तेवढी सवड नाही. कीर्तनाची परंपरा जाणणारा एक मराठी गायक आणि समाजातली एक आजी यांना वही उघडून समोरासमोर बसवायला हवं, प्रत्येक पद पूर्ण ध्वनिमुद्रित करायला हवं. विद्यापीठांच्या संगीत आणि मराठी विभागांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावं.