राहण्यास चांगला प्रदेश कोणता?



सेवानिवृत्त मनुष्याला हटकून विचारले जाणारे जे प्रश्न आहेत, त्यांत "आतां राहणार कोठें?" हा पहिला होय. मला तो गेलीं सात वर्षें विचारला जात आहे. माझा जन्म कोंकणांत, राजापूर तालुक्यांतल्या एका खेड्यांत झाला. मॅट्रिक होऊन मी शिक्षक झालों आणि नोकरीचीं सारीं वर्षें देशावर, माण तालुक्यांतील शाळांवर काढलीं. चिरंजीव पुण्यास असतात. म्हणजे घर एकीकडे, ओळखीपाळखी दुसरीकडे आणि नातवंडें तिसरीकडे. तेव्हां आपल्या महाराष्ट्रांत राहण्यास चांगला प्रदेश कोणता, हा विषय माझ्यापुरता तरी केवळ भूगोलाच्या तासाचा नाहीं.

हा प्रश्न चारचौघांत काढला, कीं प्रत्येकजण आपल्या प्रदेशाचा एखादा गुण पुढें करतो. कोंकणांतला मनुष्य नारळी-पोफळी दाखवितो, पुणेकर हवेची थोरवी गातो, नागपूरकर आपल्या पाहुणचाराचा दाखला देतो आणि मुंबईकर एवढेंच म्हणतो, कीं येथें कामाला तोटा नाहीं. हे सारे गुण खरे आहेत. पण एका गुणावर कोणी मुलगी देत नाहीं, तसें एका गुणावर बिऱ्हाडहि करूं नये. चाणक्याच्या नांवावर चालत आलेल्या नीतिवचनांत यासाठीं पांच कसोट्या सांगितल्या आहेत: धनिक, विद्वान, राजा, नदी आणि वैद्य. आजच्या भाषेंत रोजगार, शाळा, राज्यव्यवस्था, पाणी आणि दवाखाना. या कसोट्या हातीं घेऊन आपण महाराष्ट्राचा एक फेरफटका करूं.

आरंभ नदीपासून करूं. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीस अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस टाकतात. घाटमाथा ओलांडून तेच वारे खालीं उतरूं लागले, कीं तापतात व कोरडे पडतात. महाबळेश्वरास वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस होतो; तेथून सुमारे २० किलोमीटरांवर असलेल्या पांचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास; पुण्यास सुमारे २८ इंच; आणि माण तालुक्यांत २० इंच झाला, तर लोक देवापुढें नारळ वाढवितात. आणखी पूर्वेस पाऊस पुन्हां वाढत जातो, कारण विदर्भास बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या पावसाचा हातभार लागतो; नागपुरास ४० इंचांच्या वर पाऊस होतो. एवढें ऐकून कोणीहि म्हणेल, कीं नदीच्या कसोटीवर कोंकणाचा क्रमांक पहिला.

माझेंहि मत तसेंच होतें. १९८४ सालीं माझें लग्न झालें. सौभाग्यवती माणमधल्याच. लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्यें ती आमच्या ओटीवर बसून तासन्‌तास पाऊस पाहत असे; तेवढा पाऊस तिनें जन्मांत पाहिला नव्हता. पुढच्या मे महिन्यांत तीच दोन कळशा घेऊन टेकडीखालच्या विहिरीवर रांगेंत उभी होती. घरीं येऊन तिनें विचारलें, "अहो, एवढा पाऊस जातो तरी कुठं?" मुलांना भूगोल शिकविणाऱ्या मला त्याचें उत्तर तत्काळ देतां आलें नाहीं.

उत्तर असें आहे. कोंकणची पट्टी अरुंद आणि उताराची. तेथील नद्या डोंगरांत उगम पावतात आणि थोड्याच वाटचालींत समुद्रास मिळतात. दक्षिण कोंकणांतील जांभा खडक सच्छिद्र आहे. त्यांत पाणी मुरतें खरें, पण तेंहि कड्यांच्या पायथ्यांशीं झऱ्यांवाटे निघून जातें. पाऊस १०० इंचांवर पडतो आणि वैशाखांत विहिरीचा तळ दिसतो. तेव्हां पाणी किती पडतें, यापेक्षां तें किती काळ थांबतें, हें पाहिलें पाहिजे.

दुसरी कसोटी धनिकाची. कोंकणांत शेतांचे तुकडे लहान. म्हणून घरटी एक पुरुष मुंबईच्या गिरणींत आणि त्याची मनिऑर्डर गांवीं, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगांव पुन्हां पूर्वीसारखें उभें राहिलें नाहीं. तरी घर सोडून जाण्याची रीत मात्र टिकली. २००१ सालीं रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती; २०११ च्या जनगणनेंत ती १६,१५,०६९ भरली. त्याच दहा वर्षांत पुणें जिल्हा सुमारे ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला. ज्या प्रदेशाची वाखाणणी सर्वांच्या तोंडीं, तोच रिकामा होत गेला! त्या जनगणनेंत रत्नागिरींत दर हजार पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष चाकरीस गेले आणि घरें बायकांनीं राखलीं, असा त्या आंकड्याचा अर्थ आहे.

मग पुणें-मुंबई उत्तम म्हणावी काय? रोजगार, विद्या आणि वैद्य या तीन कसोट्यांत त्यांच्याशीं कोणी बरोबरी करूं शकत नाहीं. पुण्याचें समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंचीवर असणें हीहि मोठीच सोय. परंतु मोठ्या शहराची नदी त्याच्या स्वतःच्या अंगणांत नसते. मुंबईचें पाणी वैतरणा, तानसा आणि भातसा येथून येतें. ज्या शहापूर तालुक्यांत भातसा धरण आहे, तेथल्याच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. शहरांत नळ सोडतांना आपण कोणाच्या वाटणीचें पितों, हें आठवलेलें बरें. शिवाय गर्दीचेंहि मोल द्यावें लागतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंच पाऊस पडला, तेव्हां तुंबलेल्या शहरांत लक्षावधि माणसांस घरीं पोहोंचतां आलें नव्हतें.

मराठवाड्याचें उदाहरण याहून बोलकें आहे. लातूर शहर विद्येच्या कसोटीवर खरें उतरलें; परीक्षांची तयारी करून घेण्याची तेथील पद्धति राज्यभर गाजली आणि दूरदूरचे पालक तेथें बिऱ्हाड करून मुलें शिकवूं लागले. त्याच लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. एक कसोटी उत्तम उतरली म्हणून दुसरीची उणीव भरून निघत नाहीं. याच जिल्ह्यांत किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे भूकंप झाला. दख्खनचें पठार स्थिर आहे, असा समज तोंपर्यंत सर्वसामान्य होता. मात्र ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानें त्यास आधींच धक्का दिलेला होता. किल्लारीच्या परिसरांत हजारों माणसें गेलीं, तीं बहुतांशीं चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीं. भूमि कशी आहे, हें पाहणें जितकें आवश्यक, तितकेंच घर कसें बांधलें आहे, हेंहि.

राजाची कसोटी अशाच संकटांत लागते. १९७२ च्या दुष्काळांत लक्षावधि लोक सरकारी कामांवर खडी फोडून जगले. त्या अनुभवास वि. स. पागे यांच्या विचाराची जोड मिळून महाराष्ट्रांत रोजगार हमीची योजना उभी राहिली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम मिळण्याची ही हमी पुढें २००५ सालीं साऱ्या देशासाठीं कायद्यानें देण्यांत आली. अवर्षणाच्या प्रदेशांत घर करून राहणाऱ्यास राजा जवळ असणें म्हणजे काय, हें माण तालुक्यांतील माणसाला निराळें सांगावें लागत नाहीं.

विदर्भांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्याच विदर्भाच्या पूर्व भागांत, भंडारा-गोंदियाकडे, हजारों जुने तलाव आहेत, ही मात्र कमी जणांस ठाऊक असते. कोहळी समाजाच्या लोकांनीं ओढ्यांना पाळी घालून ते बांधले आणि त्यांवर धानाची शेती उभी केली. गडचिरोलींत झाडी आहे, पाणी आहे. उणीव होती ती वैद्याची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ पासून तेथें ठाण मांडलें आणि गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची शुश्रूषा घरोघरीं पोहोंचविली. त्यामुळें त्या गांवांतील बालमृत्यु बरेच घटले.

येथें एक गोष्ट ध्यानीं येते. पांच कसोट्यांपैकीं निसर्गानें दिलेली अशी एकच, ती म्हणजे नदी. बाकीच्या चार माणसांनीं निर्माण करावयाच्या. आणि नदी तरी सर्वस्वीं निसर्गाची कोठें आहे? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव पर्जन्यछायेंतलें. पाऊस १५-१६ इंचांच्या आसपास. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांवानें डोंगरउतारावर चर खोदले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास आणि उसास मनाई केली, आणि वर्षाचें पाणी मोजून पिकें ठरविण्याची पद्धति घातली. जें गांव सोडून लोक जात होते, तेथें कित्येक कुटुंबें परत आलीं. २०० इंचांचें पाणी वाहून जाऊं देणारें गांव आणि १५ इंचांचें राखणारें गांव यांत राहण्यास चांगलें कोणतें, हें आतां आपणच ठरवा.

आतां माझ्या घरची गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं श्रावणांत आम्ही दोघें राजापुराकडील घरीं होतों. एके रात्रीं माझ्या छातींत कळ आली. बाहेर मुसळधार पाऊस, रस्त्यावर दरड कोसळलेली, आणि शेजारच्या चार घरांपैकीं तिघांना कुलुपें. चौथ्या घरांत माझा बालमित्र राहतो. त्यानें पलीकडच्या वाडींतून तिघां तरुणांस उठवून आणलें. त्यांनीं मला खुर्चींत बसविलें, खुर्ची खांद्यावर घेऊन दरडीपलीकडे नेलें आणि तेथून गाडींत घातलें. डॉक्टरांपर्यंत पोहोंचेतों उजाडलें होतें. आणखी उशीर झाला असता तर आपण कांहीं करूं शकलों नसतों, असें ते म्हणाले.

चिरंजीवांनीं साहजिकच आग्रह धरला, "बाबा, आतां पुण्यालाच या." त्याचें म्हणणें चुकीचें नव्हतें. पण सौभाग्यवती म्हणाली, "डॉक्टर जवळ हवा हे खरंच रे, पण खुर्ची उचलायला माणसं कुठल्या शहरात भाड्यानं मिळतात?" तिच्या बोलण्यानें पांच कसोट्यांत आणखी एकीची भर पडली. नीतिकारांनीं शेजाऱ्याचें नांव घेतलें नाहीं, कदाचित् त्यांच्या काळीं तो सर्वत्र असे म्हणून.

शेवटीं आम्हीं असें ठरविलें, कीं पावसाळा आणि कडक उन्हाळा साताऱ्यास दोन खोल्यांत काढावा, जेथें दवाखाना हांकेच्या अंतरावर आहे आणि पुणें तीन तासांवर. आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गांवीं राहावें. गेल्या कार्तिकांत त्याच तिघां तरुणांनीं व वाडींतील मंडळींनीं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून आमच्या वहाळावर बंधारा घातला. कोठें अडवावें, हें दाखवायला सौभाग्यवती स्वतः वहाळांत उतरली होती. माणच्या मुलीला तें शिकवावें लागत नाहीं. यंदा विहिरीचें पाणी नेहमीपेक्षां पंधरा दिवस अधिक टिकलें. तिच्या चाळीस वर्षांपूर्वींच्या प्रश्नाचें एवढें पंधरा दिवसांपुरतें उत्तर आम्हांला देतां आलें आहे.

आपल्यापैकीं ज्यांच्यापुढें हाच प्रश्न असेल, त्यांनीं नकाशा पाहण्यापूर्वीं या कसोट्या कागदावर लिहून आपल्या वयाप्रमाणें त्यांचा क्रम लावावा. तरुणास रोजगार आधीं, लेंकुरवाळ्यास शाळा, आमच्यासारख्यांस वैद्य. पाणी आणि शेजार मात्र सर्वांसच. आणि ज्या गांवीं जाल, तेथें यांपैकीं जें उणें असेल, त्यांतलें एक तरी भरून काढण्यास हात लावावा.