डॉक्टरांना नीट दिसावं, नीट ऐकू यावं म्हणून

मावशीला ताप, खोकला आणि हातावर पुरळ. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवलं. ती खिडकीला पाठ करून बसली होती, डोक्यावर पंखा गरगरत होता. पलीकडून पहिलंच वाक्य आलं, ‘काही दिसत नाही, आणि वारा सुटलाय का तिकडे?’

पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळवंडतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याहून त्रासदायक गोष्ट वेगळीच. खिडकीचा प्रखर उजेड भिंगांवरून परावर्तित होत आत विखुरतो आणि साऱ्या चित्रावर धुक्यासारखा पसरतो. भिंगावर बोटांचे तेलकट ठसे असतील तर विचारूच नका! लालसर पुरळ आणि भोवतालची त्वचा यांतला फरक त्या धुक्यात विरतो. हा उजेड नंतर वेगळा काढणं कठीण, तो आत शिरण्याआधीच अडवावा लागतो. छायाचित्रकार भिंगापुढे हूड लावतात तो त्यासाठीच. उन्हात लांबचं पाहताना आपण भुवयांवर हाताचा आडोसा धरतो, तसंच हे.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी १९३०च्या सुमारास हे टोकाला नेलं. सूर्याभोवतीचं प्रभामंडळ सूर्यबिंबापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी मंद. ग्रहण नसतानाही ते दिसावं म्हणून त्यांनी दुर्बिणीतच सूर्यबिंब झाकलं, भिंग कमालीचं स्वच्छ ठेवलं आणि विखुरलेला उजेडही अडवला. आपल्या ‘आदित्य एल-१’ यानावरचं एक उपकरण याच तत्त्वावर चालतं.

माइकचं दुखणं निराळं. पंख्याची हवा त्याच्या छिद्रावर आदळते, तिथे भोवरे होतात आणि आतला पडदा थरथरतो. हा आवाज खोलीत नसतोच, तो माइकपाशीच जन्मतो. म्हणून आपल्याला शांत वाटतं आणि पलीकडे वादळ ऐकू जातं. वार्ताहरांच्या माइकवरची स्पंजची टोपी वाऱ्याचा जोर मोडते, बोलणं मात्र आत जाऊ देते. फोनमधली गोंगाट कमी करणारी यंत्रणा मुख्यतः बोलणं जपते. खोकला किंवा घरघर तिला गोंगाटच वाटू शकते, आणि डॉक्टरांना तर नेमकं तेच ऐकायचं असतं! (दम लागत असेल तर मात्र कॉलवर वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.)

मावशीला आम्ही खिडकीकडे तोंड करून बसवलं, मऊ सुती कापडाने भिंग पुसलं, पंखा बंद केला. फोन धरणाऱ्या भाच्याचं बोट माइकच्या छिद्रावर होतं, तेही काढायला लावलं.

‘आता दिसतंय,’ डॉक्टर म्हणाले. ‘पुरळ कधीपासून आहे?’